ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव : पदकाची दुसरी बाजू



संध्याकाळी पाचच्या सुमारास गावातल्या कुठल्याही शाळेच्या मैदानावरून गेलात तर पांढरे कपडे घातलेली, कमरेला पिवळे-हिरवे पट्टे बांधलेली मुले ओळीत उभी राहून हवेत ठोसे मारताना दिसतात. आपल्या धार-देवासमध्येही कराटेचे वर्ग आता नवे राहिलेले नाहीत. पूर्वी ज्या घरातली मुले आखाड्यात जाऊन जोर-बैठका काढत, त्याच घरातली नातवंडे आज कराटे शिकतात, आणि मुलीही शिकतात, ही तर फारच चांगली गोष्ट आहे.

या वर्गांची माहितीपत्रके वाचली की त्यात शिस्त, आत्मविश्वास, स्वसंरक्षण आणि एकाग्रता हे चार शब्द हमखास असतात. ते खोटे नाहीत. पण शरीराला शरीर भिडते अशा कोणत्याही खेळाला दुसरी बाजू असते. दुखापती असतात, खर्च असतो, अभ्यासातून जाणारा वेळ असतो, आणि खेळ संपल्यावर उरणारे आयुष्यही असते. ही बाजू माहितीपत्रकात नसते. ती मुलांना कोणी सांगत नाही आणि पालकांनाही क्वचितच विचारावीशी वाटते.

नुसता उपदेश करण्यापेक्षा एक चरित्र सांगावे असे वाटले. ज्यांनी अशा खेळात भारताला स्वातंत्र्यानंतरचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले, त्या खाशाबा दादासाहेब जाधव यांचे हे चरित्र आहे. त्यांचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले आहे. पण त्यांच्या पहिल्या ऑलिंपिक प्रवासात आपल्या देवासचा एक धागा गुंतलेला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असेल.

गोळेश्वरचा लहानखुरा मुलगा

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी सातारा जिल्ह्यातल्या कराडजवळच्या गोळेश्वर या गावी झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घर शेतकऱ्याचे, पण कुस्तीचे वेड घरातच असल्यामुळे वयाच्या पाचव्या वर्षापासूनच लाल मातीशी ओळख झाली. गावोगावच्या जत्रांतून कुस्त्यांचे फड भरत आणि तिथे वडिलांचा हात धरून हा मुलगा जाई.

अंगाने खाशाबा किरकोळच होते. पैलवान म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जो धिप्पाड देह उभा राहतो, तसे ते कधीच नव्हते. त्यामुळे त्यांनी ताकदीपेक्षा चपळाईवर आणि डावांवर भर दिला. मान काखेत पकडून प्रतिस्पर्ध्याला उचलून टाकण्याचा ढाक हा त्यांचा आवडता डाव होता. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. १९४२ च्या चले जाव चळवळीच्या काळात त्यांच्यासारख्या तरुणांनी भूमिगतांना आसरा देण्याचे कामही केले.

पुढे ते शिकायला कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. त्यांची शरीरयष्टी पाहून तिथल्या क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीच्या स्पर्धेत घ्यायला आधी नकार दिला, अशी हकिकत सांगतात. प्राचार्यांनी परवानगी दिली आणि खाशाबांनी आपल्यापेक्षा दांडग्या मल्लांना चीत केले. इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. क्रीडाशिक्षकांचा नकार हा काही दुष्टपणा नव्हता. लहान चणीच्या मुलाला त्याच्या दुप्पट अंगाच्या मुलासमोर उभे करू नये, ही काळजी योग्यच आहे. खाशाबा अपवाद ठरले, पण प्रत्येक मुलगा अपवाद नसतो.

देवासचे नाते

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा व्हायच्या होत्या. खाशाबांची निवड झाली, पण विलायतेला जाण्याचा खर्च शेतकऱ्याच्या घराला झेपणारा नव्हता. हा भार कोल्हापूरच्या छत्रपतींनी उचलला.

हे छत्रपती कोण होते? हे होते शहाजी महाराज. दत्तक जाण्यापूर्वी त्यांचे नाव होते विक्रमसिंहराव पवार, आणि ते आपल्या देवासच्या थोरल्या पातीचे महाराज होते! थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव हे त्यांचे वडील, आणि कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या कन्या अक्कासाहेब या त्यांच्या मातोश्री. १९३७ साली वडिलांच्या पश्चात ते देवासच्या गादीवर आले. दहा वर्षांनी, १९४७ साली, ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि देवासची गादी त्यांचे पुत्र कृष्णाजीराव यांच्याकडे आली.

आपल्या वाडवडिलांनी अठराव्या शतकात पवारांबरोबर माळव्यात येऊन धार आणि देवास इथे घरे केली. त्यानंतरही दक्षिणेशी असलेली सोयरीक तुटली नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे. शाहू महाराजांनी कोल्हापूरला कुस्तीची राजधानी केले, खासबागेचे मैदान बांधले. त्यांच्या नातवाने, म्हणजे आपल्या देवासात राज्य केलेल्या महाराजांनी, गोळेश्वरच्या एका विद्यार्थ्याला लंडनला पाठवले.

लंडनचा धडा

लंडनला खाशाबा ५२ किलो वजनाच्या गटात लढले. आयुष्यभर मातीत खेळलेला हा मल्ल तिथे गादीवर उभा राहिला. मातीतली कुस्ती आणि गादीवरची कुस्ती यांत फार फरक आहे. मातीत पाय रुततो, पकड वेगळी बसते, आणि प्रतिस्पर्ध्याची पाठ टेकवली की निकाल लागतो. गादीवर वेळ ठरलेली असते आणि गुण मोजले जातात. हे नियमही त्यांना नवे होते. रीस गार्डनर या अमेरिकन प्रशिक्षकाचे थोडेफार मार्गदर्शन मिळाले. तेवढ्यावर त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. तोवर या गटात कोणा भारतीयाकडून एवढीही अपेक्षा नव्हती.

मित्रांनो, यातून पहिला धडा मिळतो. खाशाबांची मेहनत कमी नव्हती, कमी होती ती योग्य माहिती. चुकीच्या पृष्ठभागावर, चुकीच्या नियमांनी, वर्षानुवर्षे कष्ट केले तरी ऐन वेळी माणूस मागे पडतो. कराटेच्या बाबतीत हे आणखी खरे आहे. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वाडो-र्‍यू असे त्याचे अनेक पंथ आहेत, आणि भारतात संघटनाही अनेक आहेत. एका संघटनेचा काळा पट्टा दुसरी संघटना मानेलच असे नाही. आपले मूल ज्या वर्गात जाते तिथले प्रमाणपत्र कोण मानते, हे पालकांनी पहिल्याच महिन्यात विचारून घ्यावे.

हेलसिंकीच्या आधीची परवड

पुढची चार वर्षे खाशाबांनी कसून मेहनत केली आणि ते वरच्या, म्हणजे ५७ किलोच्या गटात गेले. परंतु १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी निवड होतानाच त्यांच्यावर अन्याय झाल्याची त्यांची भावना झाली. मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका गुणाने त्यांना मागे ठेवण्यात आले. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा लढत झाली, आणि ती त्यांनी जिंकली.

निवड झाली, पण प्रश्न पुन्हा पैशांचाच होता. या वेळी संस्थाने राहिली नव्हती. कोल्हापूर १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले होते. सरकारी मदत पुरेशी नव्हती. खाशाबा आणि त्यांच्या घरचे लोक गावोगाव फिरले. गोळेश्वर-कराडच्या लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. राजाराम महाविद्यालयाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी तर आपले राहते घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. आपल्या विद्यार्थ्यासाठी घर गहाण टाकणारे गुरुजी! अशी उदाहरणे आजही बोटांवर मोजण्याइतकीच सापडतील.

पण याच प्रसंगाची दुसरी बाजू पाहा. सात हजार रुपये त्या काळी लहान रक्कम नव्हती. ते घर सुटले नसते तर? खाशाबांच्या डोक्यावर केवढे ओझे घेऊन ते निघाले असतील, याची कल्पना आपण करू शकतो. खेळाडूच्या यशासाठी घरच्यांनी आणि गावाने केलेला खर्च हा एक प्रकारे त्याच्यावरचा दाबही असतो. आज आपण कराटेच्या दर पट्ट्याच्या परीक्षेची फी भरतो, गणवेश आणि संरक्षक साहित्य घेतो, बाहेरगावच्या स्पर्धेला मुलाला पाठवतो. हा खर्च सुरुवातीला दिसत नाही, पण हळूहळू वाढतो. मग मुलाने कंटाळून सोडतो म्हटले, तर एवढे पैसे घातले आणि आता सोडतोस का, असे आपण सहज बोलून जातो. ते वाक्य मुलाच्या मनावर दगडासारखे बसते.

हेलसिंकीचे पदक

जुलै १९५२. हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरवले. नंतर त्यांची गाठ जपानच्या शोहाची इशी यांच्याशी पडली. हे इशी मुळात ज्युदो खेळणारे होते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये ज्युदोवर बंदी आली, तेव्हा ते कुस्तीकडे वळले. लढत दीर्घ आणि चुरशीची झाली. खाशाबा अगदी थोडक्यात हरले. या गटाचे सुवर्णपदक पुढे इशींनीच जिंकले आणि त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण ठरले.

या दमछाक करणाऱ्या लढतीनंतर खाशाबांना लगेच सोव्हिएत रशियाच्या रशीद मम्मदबेकोव्ह यांच्याशी लढायला उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये विश्रांतीची वेळ मिळायला हवी होती. पण ती मागून घेण्यासाठी भारतीय पथकातला कोणीही अधिकारी त्या वेळी तिथे हजर नव्हता. थकलेल्या शरीराने खाशाबा लढले आणि हरले. तरीही त्यांना कांस्यपदक मिळाले. तो दिवस होता २३ जुलै १९५२. इशींना सुवर्ण, मम्मदबेकोव्ह यांना रौप्य आणि खाशाबांना कांस्य. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचेच केशव माणगावे हे त्यांच्या वरच्या गटात चौथे आले.

भारताला त्यानंतर दुसरे वैयक्तिक पदक मिळायला चव्वेचाळीस वर्षे लागली. ते १९९६ साली अटलांटा इथे टेनिसमध्ये लिअँडर पेस यांनी मिळवले. यावरून खाशाबांच्या कामगिरीची उंची लक्षात येईल.

इथे मुलांनी नव्हे, तर आम्हा शिक्षकांनी आणि विश्वस्तांनी धडा घ्यायचा आहे. थकलेल्या खेळाडूला स्वतःच्या तोंडाने विश्रांती मागता येत नाही. मागितली तर तो घाबरला असे लोक म्हणतात. म्हणून विश्रांती मागण्यासाठी त्याच्या बाजूने एक मोठे, जबाबदार माणूस हजर असावे लागते. आपल्या शाळेची मुले स्पर्धेला जातात तेव्हा त्यांच्याबरोबर असा माणूस असतो का? त्याला नियम माहीत असतात का? डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही, हे तो ठामपणे सांगू शकतो का?

मिरवणुकीनंतर

खाशाबा परतले तेव्हा कराडला लोकांनी त्यांचे जे स्वागत केले त्याला तोड नाही. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ढोल-ताशे, लेझीम, फटाके. एरवी थोड्या वेळात संपणारी गोळेश्वरची वाट त्या दिवशी संपायला कितीतरी तास लागले.

मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल? त्यांनी कुस्त्यांचे फड भरवले, स्वतः त्यात उतरून लढले, आणि त्यातून मिळालेल्या पैशांतून खर्डेकरांचे घर सोडवायला हातभार लावला. कर्ज आणि कृतज्ञता या दोन्ही गोष्टी त्यांनी विसरू दिल्या नाहीत. विद्यार्थी मित्रांनो, त्यांच्या पदकाइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

परंतु देशपातळीवर त्यांच्या पदकाचा म्हणावा तसा गाजावाजा झाला नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये भारतीय हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले होते. लोकांचे सारे लक्ष तिकडे गेले. कुस्तीतले कांस्य मागे पडले.

गुडघा

१९५५ साली खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून लागले. पुढचे ऑलिंपिक १९५६ साली मेलबर्नला होते. त्यांचे वय तीस, अनुभव दोन ऑलिंपिकचा, आणि कांस्याच्या पुढे जाण्याची जिद्द. पण त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि मेलबर्नला जाणे रद्द झाले. एका गुडघ्याने त्यांची ऑलिंपिकमधली वाटचाल संपवली.

या गुडघ्याबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. कुस्ती, ज्युदो, कराटे या सर्व खेळांत गुडघ्यावर फार ताण येतो. मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्यामध्ये कूर्चेच्या दोन चकत्या असतात. त्या गादीसारखे काम करतात. पाय जमिनीवर घट्ट रोवलेला असताना शरीर एकदम वळले, की या चकत्या किंवा हाडांना जोडणारे बंध फाटू शकतात. कुस्तीत पकडीतून सुटताना असे होते. कराटेत एका पायावर उभे राहून दुसऱ्या पायाने गोल लाथ मारताना असे होते. आज दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. खाशाबांच्या काळी ती सोय नव्हती. आणि शस्त्रक्रिया झाली तरी अशा गुडघ्यात पुढे लवकर संधिवात होण्याची शक्यता वाढते.

आखाड्यातल्या जुन्या पैलवानांचे कान पाहिले आहेत का? घासून घासून आणि मार लागून कानात रक्त साकळते, मग तो कान मुडपून कायमचा तसाच घट्ट होतो. लोक ते पैलवानाचे भूषण मानतात. खरे म्हणजे ती दुखापत आहे, आणि वेळीच उपचार केले तर टाळता येण्यासारखी आहे.

वजनाचाही प्रश्न आहे. वजनाच्या गटात बसण्यासाठी जेवण आणि पाणी तोडणे, घाम काढणे, हे प्रकार जगभर चालत आले आहेत. १९९७ साली अमेरिकेत नोव्हेंबर आणि डिसेंबर अशा दोन महिन्यांत तीन महाविद्यालयीन मल्लांचा वजन उतरवण्याच्या खटाटोपात मृत्यू झाला. त्यानंतर तिथले नियम कडक करण्यात आले. आपल्याकडे कराटेच्या स्पर्धेतही वजनाचे गट असतात. वाढत्या वयाच्या मुलाला स्पर्धेच्या आदल्या दिवशी उपाशी ठेवणे हे पाप आहे, मग त्याला पदक मिळो वा न मिळो.

दुखापतीनंतरच्या विश्रांतीबद्दल आपल्या देवासनेच एक मोठे उदाहरण पाहिलेले आहे. ज्या १९४८ साली खाशाबा लंडनला गेले, त्याच वर्षाच्या सुरुवातीला कुमार गंधर्व क्षयाने आजारी होऊन हवापालटासाठी देवासला आले. वय अवघे तेवीस-चोवीस, आणि गाण्यात कीर्ती आधीच मिळालेली. तरीही कित्येक वर्षे त्यांनी गाणे बंद ठेवले. आजारात एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. बरे झाल्यावर त्यांनी आपल्या श्वासाला झेपेल अशी गायकी घडवली आणि त्या गायकीने त्यांना आणखी मोठे केले. शरीराने थांब म्हटल्यावर ते थांबले, म्हणून पुढची चार दशके त्यांना गाता आले. खेळाडूंना असे थांबणे फार जड जाते. स्पर्धेची तारीख त्यांच्यासाठी थांबत नाही.

नोकरी, निवृत्ती आणि अखेर

खाशाबांनी पोलीस खात्यात सुमारे सत्तावीस वर्षे नोकरी केली. खात्यातल्या स्पर्धांत त्यांनी कुस्ती केली, तरुण पोलिसांना शिकवले. पण बढतीसाठी त्यांना फार वाट पाहावी लागली. सहायक पोलीस आयुक्त हे पद त्यांना निवृत्तीच्या तोंडावर मिळाले. निवृत्तीनंतर पेन्शनसाठीही झगडावे लागले. क्रीडासंघटनांनी त्यांची फारशी विचारपूस केली नाही. घर बांधण्यासाठी पत्नीचे दागिने विकावे लागले, असे सांगतात. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत ज्योत घेऊन धावण्याचा मान मात्र त्यांना मिळाला.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी एका रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अठ्ठावन्न वर्षांचे होते.

नंतर सन्मान आले. भारत सरकारने त्यांना २००० सालचा अर्जुन पुरस्कार मरणोत्तर दिला. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या निमित्ताने दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव देण्यात आले. हे सगळे योग्यच झाले, पण पाहायला खाशाबा नव्हते.

आपण काय घ्यायचे?

इथे कोणी म्हणेल, की हा लेख मुलांना खेळापासून दूर नेणारा आहे. तसा त्याचा हेतू मुळीच नाही. खाशाबांना कुस्तीने काय दिले नाही? गोळेश्वरच्या शेतकऱ्याच्या मुलाला तिने शिक्षण दिले, जग दाखवले, नोकरी दिली, आणि देशाच्या इतिहासात कायमचे स्थान दिले. अन्यायाविरुद्ध दाद मागण्याची हिंमतही त्यांना आखाड्यानेच दिली असेल. कराटेही मुलांना बरेच काही देते. गिचिन फुनाकोशी यांनी १९२२ साली ओकिनावा बेटावरून टोकियोत येऊन ही विद्या जपानभर पोहोचवली. ते स्वतः शाळामास्तर होते आणि त्यांच्या दृष्टीने हा आधी शिक्षणाचा विषय होता, मारामारीचा नव्हे.

पण खरे सांगून मुलाला खेळायला पाठवणे वेगळे, आणि फक्त फायदे सांगून पाठवणे वेगळे. खाशाबांच्या चरित्रातून पालकांनी आणि शाळेने पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात असे वाटते.

१. दुखापत लपवू नये. गुडघा, कंबर, मनगट सतत दुखत असेल तर मुलाने घरी सांगावे. सांगितले तर घरच्यांनी त्याला भित्रा म्हणू नये. तेल चोळून पुन्हा मैदानात पाठवण्याआधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे.

२. लहान मुलांना विटा-कौले फोडायला लावू नये, कठीण फळीवर मुठी आपटायला लावू नये. त्यांच्या हाडांची वाढ अजून चालू असते.

३. वजन उतरवण्यासाठी जेवण किंवा पाणी तोडायचे नाही. मुलगा ज्या गटात बसतो त्याच गटात खेळेल.

४. पट्टा मिळाला म्हणजे रस्त्यावर कोणाशीही भिडता येते, असा समज मुलांचा होतो. खऱ्या प्रसंगी समोर चाकू असू शकतो, चार माणसे असू शकतात. अशा वेळी पळून जाणे आणि मदतीला हाक मारणे हेच पहिले स्वसंरक्षण आहे. हे शिक्षकांनी दर महिन्याला सांगावे.

५. खर्च आधी विचारावा. प्रत्येक परीक्षेची फी, संघटनेचे नाव, शिक्षकांचे प्रशिक्षण, प्रथमोपचाराची सोय, या गोष्टी लेखी मागाव्यात. मुलींच्या वर्गाला एक महिला शिक्षिका किंवा पालक हजर असावी.

६. अभ्यास सोडू नये. खाशाबांना शेवटपर्यंत आधार दिला तो नोकरीने, पदकाने नव्हे. कराटेवर नोकरीची आशा ठेवणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात घ्यावे. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, कराटेचा प्रथमच समावेश झाला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधून तो खेळ पुन्हा वगळण्यात आला. खेळाडूंची वर्षानुवर्षांची मेहनत अशा एका निर्णयावर अवलंबून असते.

विश्वस्त मंडळाला एक नम्र विनंती. आपल्या पूर्वजांच्या एका महाराजांनी १९४८ साली एका विद्यार्थ्याचा प्रवासखर्च दिला, हे आपण अभिमानाने सांगतो. आज शाळेतल्या खेळाडूसाठी प्रवासखर्चाइतकाच विम्याचा, डॉक्टरांच्या तपासणीचा आणि बरोबर जाणाऱ्या जबाबदार शिक्षकाचा विचार व्हावा. खाशाबांना पाठवणारे भेटले, स्वागत करणारेही भेटले. हेलसिंकीला दोन लढतींच्या मध्ये त्यांच्यासाठी विश्रांती मागणारा मात्र कोणी नव्हता. आपल्या मुलांच्या वाट्याला तसे येऊ नये.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही जरूर खेळा. कराटे खेळा, कुस्ती खेळा, मल्लखांब करा. नागपंचमीला आखाड्यात जाऊन मातीला हात लावून या. फक्त दुखले तर सांगा. सांगण्यात कमीपणा नाही.